विषय : तलावाचा पाझर बंद न करण्याबाबत

अर्ज लिहिणे हीसुद्धा एक विद्या आहे, हे मान्य करायला आमच्या सोलापुरात कोणी तयार नाही. ज्यांना स्वतःचे गाऱ्हाणे धड सांगता येत नाही, ते माझ्या टेबलापुढच्या स्टुलावर बसून "तुम्हाला काय, चार ओळी तर खरडायच्यात," असे म्हणतात, तेव्हा मी पेनाला टोपण लावतो आणि डोक्यावरच्या कडुलिंबाकडे पाहत बसतो. समोरचा ओशाळला की टोपण काढतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, ही गोष्ट मी कधी लपवली नाही. पुढचे शिक्षण मी कचेरीच्या फाटकाबाहेर, लोकांची दुःखे ऐकत आणि सरकारी उत्तरे वाचत पुरे केले. 'सबब', 'उपरोक्त' आणि 'सदरहू' यांपैकी कोणता शब्द कुठे बसवावा, याबाबत वकिलांचे कारकूनही माझा सल्ला घेतात.

या धंद्यात मला ज्यांनी बसवले, त्या वस्तादांनी मला दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की अर्ज कशाचाही असो, शेवटच्या परिच्छेदात 'वेळीच दखल न घेतल्यास जीवित व वित्तहानी होण्याची शक्यता नाकारता येत नाही व तसे झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनावर राहील' हे वाक्य आले पाहिजे. मग तो रेशनकार्डावरच्या नावाच्या दुरुस्तीचा असो की गल्लीतल्या डुकरांचा. त्या वाक्याशिवाय अर्ज म्हणजे मीठ विसरलेले कालवण. दुसरा नियम असा, की रक्ताच्या माणसाचा अर्ज आपण लिहायचा नाही. तो दुसऱ्या अर्जनवीसाकडे धाडायचा. "घरच्याचा अर्ज लिहायला बसलास की तुला त्यातलं सगळंच महत्त्वाचं वाटायला लागंल," असे वस्ताद म्हणत. फाटकाच्या दोन्ही अंगांना बसणारे आम्ही सारे हा नियम पाळत आलो आहोत. फाटकाच्या पलीकडच्या अंगाला बसणारे एक चाचा आहेत. धंद्यात ते माझे प्रतिस्पर्धी, आणि अक्षर माझ्यापेक्षा किंचित बरे. त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्जही त्यांनी स्वतः लिहिला नाही. मुलीला घेऊन माझ्या स्टुलावर येऊन बसले होते.

आता पाण्याचे सांगतो, कारण हे सगळे पाण्यावरूनच झाले.

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीला पाणी कधी येईल, हे ब्रह्मदेवाला ठाऊक नाही आणि पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यालाही नाही. ठरलेल्या दिवशी ते येत नाही. न ठरलेल्या दिवशी, आम्ही घराला कुलूप लावून कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेलो असताना, येऊन जाते. चावीवाल्याला विचारले तर तो आकाशाकडे बोट करून "वरनं सुटलं न्हाय," म्हणतो. वर म्हणजे नेमके कुठे, हे त्याने आजवर सांगितलेले नाही. या विषयावर मी स्वतःहून, कोणी स्टुलावर बसलेले नसताना, कितीतरी अर्ज दिले. ते रक्ताच्या माणसाचे नव्हेत, सबंध गल्लीचे होते, म्हणून नियमात बसणारे होते. प्रत्येकाची शिक्का मारलेली पोच माझ्या ट्रंकेत आहे. प्रत्येकाला एकच उत्तर आले : आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. त्या संबंधित विभागात माझ्या अर्जांनी एखादे कपाट भरले असेल. नळाला मात्र त्याने ओल आली नाही.

आमच्या भागाला ज्या तलावाचे पाणी येते, तो शहराच्या बाहेर, दुष्काळी माळाच्या मधोमध आहे. जुन्या काळी मातीचा लांबलचक बांध घालून पाणी अडवले, तेच हे धरण. पाण्याच्या अंगाला दगड बसवलेले आहेत. कोरड्या अंगाला कुसळी गवत आणि वेडी बाभूळ माजलेली. धनगरांची मेंढरे त्या उतारावर दिवसभर तोंडे खुपसून असतात आणि माथ्यावरच्या वाटेने मोटारसायकली जातात. पाहणाऱ्याला ते धरण वाटतच नाही, एखादी टेकडी आडवी झोपल्यासारखे दिसते.

या बांधाच्या अगदी पायथ्याशी माझ्या थोरल्या बहिणीचे शेत आहे. अक्का तिथे लग्न होऊन गेली तेव्हापासून तिच्या विहिरीचे पाणी आटलेले कोणी पाहिलेले नाही. कारण उघड होते. बांधाच्या पोटातून पाणी झिरपत होते. पायथ्याला एका जागी बारमाही ओल असे, तिथून बोटाएवढी धार निघे, तिचा ओघळ होई आणि तो विहिरीत उतरे. चैत्रात आजूबाजूचा सगळा माळ भाजून निघालेला असताना अक्काच्या रानात मात्र चाऱ्याचे कडवळ, शेपू आणि कोथिंबीर हिरवीगार उभी. आमचे दाजी वारल्यानंतर मुलगा पुण्यात कंपनीत लागला. त्याचे म्हणणे एकच होते, की आईने रान विकून आपल्याकडे यावे. अक्का दोनदा जाऊन राहून आली.

"दोन खोल्या, अन् बाल्कनीत तुळस," ती मला सांगत होती. "सकाळी उठून काय करायचं, तर उठायचंच न्हाय म्हणं. मी काय आजारी हाय व्हय?"

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. विहिरीला पाणी असेल तर ती इथली मालकीण होती. विहीर आटली, तर पुण्यातल्या बाल्कनीतली तुळस होणे तिच्या नशिबी होते. हे तिला माहीत होते, तिच्या मुलाला माहीत होते आणि मलाही माहीत होते.

दर उन्हाळ्यात मी अक्काकडे जाई आणि परत येताना मोठा कॅन भरून पाणी आणी. या गोष्टीतला विरोधाभास वाचकांनी ध्यानात घ्यावा. मी या शहराचा पाणीपट्टी भरणारा नागरिक. तलाव माझ्यासाठी राखलेला. त्या तलावातून जे पाणी माझ्याकडे यायला हवे होते ते येत नाही, आणि जे चुकून निसटते ते मी एस.टी.च्या सीटखाली ठेवून घरी आणतो. कंडक्टर दर वेळी विचारी, "काका, दूध का?" पाणी आहे म्हटले की तो माझ्याकडे मोठ्या दयेने पाही. अक्काला यात मोठी गंमत वाटे. "तुमच्या नळाचं पानी माज्या हिरीत येतंय, अन् तू अर्ज करतोस सायबाला," ती कॅन भरता भरता म्हणे. "आरं, सायबाला कशाला, मला कर की अर्ज. मी लगीच मंजूर करीन."

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी अक्का फाटकाबाहेर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या पिशवीत शेपूच्या जुड्या होत्या, पण चेहरा शेपू द्यायला आल्यासारखा नव्हता.

"बांधावर मानसं आली हुती," ती म्हणाली. "टेपानं मापं घेतली. चुन्यानं रेघा मारल्या, पार माज्या पाझरापतोर. आता सिमेट भरून बुजवणार म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणतंय. तू लिही. पाझर बंद करू नका म्हणून लिही."

मी तिला स्टुलावर बसवले आणि नियम समजावून सांगितला. रक्ताच्या माणसाचा अर्ज लिहिता येत नाही. फाटकाच्या पलीकडच्या अंगाला चाचा आहेत, त्यांच्याकडे जा, मी चिठ्ठी देतो. अक्काने पदराने तोंड पुसले.

"म्हणजे गावाचं समदं रडगाणं तू लिवनार. अन् बहिनीचं लिवायला मियाँभाई. बरं हाय की. मग उद्या मला उचलायला बी त्यांनाच बोलाव."

हे असे बोलल्यावर माणूस काय करील? शिवाय खरे सांगायचे तर मनात आणखी एक विचार होताच. असा विषय माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. धरण, पाझर, विधवा शेतकरी स्त्री, परंपरागत वहिवाट! एवढा ऐवज रेशनकार्डांच्या गर्दीत वर्षानुवर्षे हाताला लागत नाही. तो मी चाचांच्या हातात द्यायचा, आणि त्यांनी तो अर्ध्या पानात आटपायचा, हे मला पटण्यासारखे नव्हते. मी टोपण काढले.

मी तिला सगळे नीट विचारले. पाझर किती जुना? बंद कधी झाला होता का? उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती? अक्का सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, कारण तिला आपल्या पाझराचा अभिमान होता.

"आदी बोटाएवढी धार हुती. आता मनगटाएवढी हाय," ती म्हणाली. "पावसुळ्यात तर लई जोर. तांबडं पानी येतंय, चहावानी. मग आठ-पंधरा दिसांनी निवळतंय. हे पन लिही."

मी तेही लिहिले. पाझराचा जोर जितका ठसठशीत दिसेल तितके अक्काचे त्यावरचे अवलंबून असणे ठसठशीत दिसेल, हा त्यामागचा तर्क होता आणि तो आजही मला निर्दोष वाटतो. 'सदरहू पाझर दिवसेंदिवस वृद्धिंगत होत असून पावसाळ्यात त्याचे पाणी तांबूस व गढूळ होऊन द्विगुणित वेगाने वाहते, ही बाब समस्त ग्रामस्थांच्या नित्य अवलोकनात आहे,' असे ते वाक्य झाले. मी ते अक्काला वाचून दाखवले. तिला शब्द कळले नाहीत, पण चाल आवडली. "झ्याक," ती म्हणाली. शेवटी, अर्थातच, जीवित व वित्तहानीचे वाक्य घातले. पोच घेतली. शेपूची एक जुडी आवक विभागातल्या बाईंनी ठेवून घेतली.

यापुढे नेहमीप्रमाणे काय व्हायला हवे होते, ते मला तोंडपाठ होते. अर्ज वर्ग होणार, कपाटात जाणार, रेघांचा चुना वाऱ्याने उडून जाणार आणि पाझर वाहत राहणार. खरे तर माझा भरवसा त्यावरच होता. या कचेरीने माझ्या कोणत्याही अर्जावर कधीही काही केलेले नाही, या अनुभवावर विसंबून मी निश्चिंत होतो.

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. "आरं, ट्रक आल्यात. वाळूचं. खडीचं. पानी खात्याची मॅडम आलीया अन् तुजं नाव काडतीया."

मी टेबल झाकले आणि एस.टी. पकडली.

बांधाच्या पायथ्याशी जत्रा भरल्यासारखे दिसत होते. ट्रक, फावडी, हेल्मेट घातलेले मजूर. मेंढरे दूर हाकललेली आणि धनगर काठीवर हनुवटी टेकून पाहत उभे. मधोमध एक तरुण अभियंता बाई, पायांत गमबूट, हातात माझा अर्ज. माझे अक्षर मी लांबून ओळखले.

"हा अर्ज तुम्ही लिहिलात का, काका?" त्यांनी विचारले.

काका म्हणण्याइतके माझे वय झालेले नाही, पण तो मुद्दा मी सोडून दिला. "होय," मी म्हणालो. "त्यातील विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो."

"खूप मोठं काम केलंत तुम्ही. आम्हाला हे माहीतच नव्हतं."

"म्हणजे? चुन्याच्या रेघा कुणी मारल्या मग?"

"त्या बाभळी तोडायच्या होत्या. मुळं धरणात आत जातात, म्हणून फक्त झाडांना खुणा केल्या. पाझर त्या गवतात दिसला पण नव्हता कुणाला. तुमच्या अर्जामुळे कळलं."

मी बाभळींवरच्या चुन्याकडे पाहिले. माझ्या मागे अक्का उभी होती.

बाईंनी मला समजावून सांगितले, आणि हे मान्य केले पाहिजे, की त्यांनी सोप्या भाषेत सांगितले. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपायचेच. ते स्वच्छ असेल तर त्याची चिंता नाही. पण पाणी गढूळ येते याचा अर्थ ते येताना बांधाची माती घेऊन येते. धार वाढते याचा अर्थ आत वाट रुंद होते. एक दिवस आत पोकळी होते आणि मग बांध खाली बसतो. "खाली पहिलं घर कुणाचं आहे?" त्यांनी विचारले. पहिले घर अक्काचे होते. "'तांबूस व गढूळ, द्विगुणित वेगाने'. आणि खाली जीवितहानी," त्या माझा अर्ज वाचत म्हणाल्या. "आमच्या साहेबांनी हे वाचलं आणि जेवण तसंच टाकून उठले."

त्या वाक्याचा इतिहास मी त्यांना सांगितला नाही. रेशनकार्डाच्या अर्जातले जे वाक्य आजवर कुणी वाचले नव्हते, ते धरणाच्या अर्जात कुणी वाचील, ही अपेक्षा मी कशी करावी?

"पण विषय!" मी म्हणालो. "विषय वाचलात का? 'पाझर बंद न करण्याबाबत' असे स्पष्ट लिहिले आहे."

"वाचला ना. आणि आम्ही बंद करतच नाही. पाणी बंद केलं तर ते दुसरीकडून फुटेल. पायथ्याशी वाळू-खडीचे थर देतो. पाणी येईल, माती येणार नाही. ते पाणी एका हौदात गोळा करायचं, मोजायचं आणि चराने ओढ्यात सोडायचं."

"ओढ्यात?" अक्का प्रथमच बोलली. "अन् माजी हीर?"

बाईंनी नकाशावर पाहिले. नकाशात विहीर नव्हती. "त्याचं नंतर बघू, मावशी. आधी धरण."

धरण झाले. नेटके झाले. मी पोटतिडकीने लिहिलेल्या सगळ्या अर्जांत ज्याची एवढ्या तातडीने तामिली झाली असा हा एकच अर्ज, आणि तो नेमका उलटा. फाटकापाशी बातमी माझ्या आधी पोचली होती. पेठेतले एक शेजारी मला म्हणाले, "मालक, आता आमच्याकडे पाणी येऊ नये म्हणून एक अर्ज लिहा बघू. बहुतेक येईल."

पाझराचे पाणी आता स्वच्छ, देखण्या दगडी हौदात पडे, तिथून चरात आणि चरातून सरळ ओढ्यात. ओढ्यातल्या वाळूला त्याची काहीच गरज नव्हती. अक्काची विहीर बाजूला तोंड आवळत चालली. शिमग्याला मोटर फुसफुसू लागली. कडवळ पिवळे पडले. माझ्याकडे येणारी शेपू-कोथिंबिरीची पिशवी बंद झाली. फोन केला तर "हां, बोल," एवढेच, आणि पुढे मी एकटाच बोलायचो. भाच्याचा मात्र मला रोज फोन. "मामा, आईला समजावा. गिऱ्हाईक आहे रानाला. पाणी आहे असं अजून वाटतंय लोकांना, तोवरच विकलं पाहिजे." त्याचे म्हणणे व्यवहारी होते, आणि म्हणूनच मला त्याचा संताप येई.

मी आणखी दोन अर्ज लिहिले. हौदाचे पाणी विहिरीत सोडणेबाबत. दोन्ही मोठे, सर्वांगसुंदर. दोन्ही वर्ग झाले. आता ते खाते पुन्हा पूर्ववत झाले होते.

गुढीपाडवा झाल्यावर अक्का आली. पिशवीशिवाय आली. माझ्या स्टुलावर बसली नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "त्यो तुजा नेम काय हुता? रक्ताच्या मानसाचा अर्ज लिवायचा न्हाय. चल मियाँभाईकडं."

फाटकाच्या या अंगावरून त्या अंगावर जायला किती वेळ लागतो? पण माझ्या ओळखीचे शिपाई, चहावाला, स्टॅम्पवाले, सगळे नेमके त्याच वेळी मोकळे होते. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"क्या उस्ताद," ते म्हणाले, "आज हमारे स्टूल पे? रस्ता चुकले की काय?"

"अर्ज लिहायचाय," मी म्हणालो.

"बैठो, आपा, तुम्ही बसा आधी. उस्ताद उभे राहतील, त्यांना सवय नाही, पण राहतील." त्यांनी कागद घेतला. "बोला. हवं काय तुम्हाला?"

मी तोंड उघडले. चाचांनी हात वर केला. "तुम नको. अर्जदार बोलतील."

अक्काने सांगितले. हौद हाय. पानी ओढ्यात जातंय. हीर जवळ हाय. पाइप टाकून ते हिरीत सोडायला परवानगी द्या. पाइप मी टाकते. चाचांनी ते लिहिले. एवढेच लिहिले. परंपरागत वहिवाट नाही, आर्त विनवणी नाही, विधवा हा शब्द एकदाच, तोही नावामागे. इतका उघडाबोडका मजकूर मी अनेक वर्षांत पाहिला नव्हता. मग चाचांनी सवयीने नवा परिच्छेद सुरू केला : 'वेळीच दखल न घेतल्यास जीवित व...'

"काय लिवताय?" अक्काने विचारले.

चाचांनी वाचून दाखवले.

"ते काडा."

"आपा, त्याच्याशिवाय अर्ज होत नाही."

"होत नाही, अक्का," मीही म्हणालो. चाचांचे आणि माझे एखाद्या मुद्द्यावर एकमत झाले, असा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

"कुनाचा जीव जातोय?" अक्का म्हणाली. "कुनाचाच न्हाय. मला नुस्तं पानी पायजे. त्या एका वळीनं वाळूचं ट्रक आलं हुतं. आता काय पलटन बोलावताय व्हय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी सवयीने कडुलिंब पाहायला मान वर केली. तो या बाजूला नव्हता. त्यांनी ती ओळ खोडली, मग कागद फाडला आणि स्वच्छ पुन्हा लिहिला. अंगठा नको म्हणून अक्काने सही केली. अर्ज इतका छोटा झाला, की आवक विभागातल्या बाईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

पुढे जे झाले त्याचे श्रेय मी त्या अर्जाच्या भाषेला देणार नाही. चाचा देतात, खुशाल देवोत. त्या दिवशी अभियंता बाई कचेरीत हजर होत्या आणि कागद थेट त्यांच्या हाती पडला, एवढेच त्याचे कारण आहे. त्या अक्काच्या रानात आल्या, हौदापासून विहिरीपर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "मोजमाप झाल्यावर ते पाणी ओढ्यात जातं काय आणि विहिरीत जातं काय, धरणाला काही फरक नाही. फक्त हौदाच्या बांधाकडच्या अंगाला कुदळ लावायची नाही." अक्काने कबूल केले. "आणि गढूळ दिसलं की मला फोन करायचा." अक्काने तेही कबूल केले आणि लगेच पुढे म्हणाली, "अन् माजं पानी कमी झालं तर?" बाई हसल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तेव्हा काकांना सांगू नका. मला सांगा."

मी विहिरीत डोकावून पाहिले.

पाइप पडला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. हौदातून पाणी पाइपात शिरले, थोडा वेळ नुसता हवेचा आवाज आला आणि मग विहिरीच्या काठावरून धार खाली पडू लागली. मोठी नव्हे, पण स्वच्छ. अक्का काठावर बसून खाली पाहत राहिली. नंतर तिने पुण्याला फोन लावला.

"गिऱ्हाइकाला सांग, रान इकायचं न्हाय," ती म्हणाली. "अन् बाळा, तू ये. नवं कडवळ पेरायला मानूस मिळंना." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे चालले होते. ते तिने कानापासून लांब धरून ऐकले. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "कॅन आनलास का?"

आणला होता. तिने तो स्वतः धारेखाली धरून काठोकाठ भरला, वर विहिरीकाठच्या वाफ्यात तगलेल्या शेपूच्या चार जुड्या दिल्या आणि म्हणाली, "जा. तुज्या नळाला यील तवा यील."

एस.टी.त कंडक्टरने विचारले, "काका, दूध का?" मी होय म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा आमची गल्ली ओलीचिंब होती. बायका वाकून ओटे धूत होत्या, पोरे पाइपाने एकमेकांना भिजवत होती. आमच्या हिने दारातच हातातला कॅन पाहिला.

"पाणी येऊन गेलं," ती म्हणाली. "दोन तास होतं. बॅरल भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या. आता हा कुठं ठेवू?"